मे महिन्यात चोवीस अंश

"बोंबल निकिता! अजून जोरात!" प्रसेनजित ओरडला.

शेजारच्या निकिताने माईकला तोंड लावून अशी आरोळी ठोकली, की सकाळच्या गाण्यांच्या मधोमध ती गावातल्या सगळ्या रेडिओंवर घुमली. ऐकणाऱ्यांना काय वाटलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक! सपना मात्र ट्रान्समीटरच्या कपाटासमोर शांत उभी होती. हिरवा दिवा जळतच राहिला.

"नाही पडला बंद," ती म्हणाली.

"पाह्य! मंग माह्या आईच्याच आवाजानं कसा बंद पडते?"

प्रसेनजितची आई पंचफुलाबाई रोज दुपारी गावच्या रेडिओवर बायकांचा कार्यक्रम करायची. अलीकडे तो रोज मध्येच बंद पडत होता. केंद्रप्रमुख शेषरावकाकांनी तपास वगैरे न करता निकाल लावून टाकला होता. बाई फार जोरात बोलतात, मशीनला सोसत नाही, आजचा कार्यक्रम शेवटचा!

सपना पंचफुलाबाईंच्या बहिणीची मुलगी, सुट्टीसाठी कारंज्याहून आलेली. हिवाळ्यात सपनाची आई गेली. रात्रीतून दवाखान्यात नेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून सपनाला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. आंबा गोड लागत नव्हता, रडू येत नव्हतं. लोक म्हणत, पोर समजदार आहे. समजदार कसली, आतून सगळं बधिर झालं होतं! पण रेडिओवर मावशीचा चेहरा दिसत नसे, नुसता आवाज येई, आणि तो थेट आईचा होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. उद्यापासून तोही बंद होणार होता.

"काय चाललं रे?" चहा पिऊन आलेल्या राजूदादाने तिघांना पकडलं. ट्रान्समीटर सांभाळायचं काम त्याचं. "हात नोका लावू! याच्यात कार्ड हाय, छोटा कॉम्प्युटरच समजा. त्याच्यात कंपनीनं प्रोग्राम भरून देल्ला, फर्मवेअर म्हणतेत त्याले. आत तापलं का पंखे वाढवते, लय तापलं का ताकद कमी करते. माह्यापेक्षा हुशार!"

"तेवढं तं दिसूनच राह्यलं," निकिता म्हणाली.

सपना कपाटावरच्या छोट्या पडद्याकडे बघत होती. "दादा, इथं चोवीस अंश काहून दाखवते? बाहेर तं आत्ताच चाळीस हाय."

"चांगलं हाय ना मंग!" राजूदादा म्हणाला खरा, पण त्याची नजर कोपऱ्यातल्या माठाकडे गेली.

निकिताने कपाटामागच्या जाळीसमोर हात धरला आणि झटकन मागे घेतला. "अरे बाप! भट्टी हाय ही!"

जाळीतून एक बारीक वायर निघून भिंतीच्या कडेने माठापर्यंत गेली होती. प्रसेनजितने माठाभोवतीचं ओलं फडकं उचललं. खाली, माठाला चिकटवलेला, तापमान मोजणारा वाटाण्याएवढा सेन्सर!

"मंग काय करू?" राजूदादा कावराबावरा झाला. "त्याले गरम झालं का भोंगा कोकलते, रेकॉर्डिंगचा सत्यानाश! म्हटलं, माठाजवळ सारंच थंड राह्यते, ह्यालेबी ठेवू."

तेवढ्यात शेषरावकाका आणि पंचफुलाबाई आत आले. मुलांनी एकदम कालवा केला.

"बाष्कळपणा!" काका गरजले. "इतक्या महागाच्या मशीनले तुमच्याइतकंबी समजत नाही काय?"

सपनाने सेन्सर माठावरून काढून मुठीत धरला. पडद्यावर सव्वीस झाले. मग तीस. मग चौतीस, आणि पेंगत असलेले पंखे भरभर फिरू लागले!

"हे मशीनचं नाही काका, माह्या मुठीचं तापमान हाय," ती म्हणाली. "कार्ड हुशारच हाय. पण आपण त्याले माठाचं सांगून राह्यलो."

राजूदादाने मान खाली घातली. "खरं हाय काका. कार्डाले वाटते, सारं थंड. पंखे हळू. दुपारी आतलं लयच तापलं का आतलाच शेवटचा खटका, कटआउट, सारं बंद करते. बाईचा काहीच दोष नाही."

राजूदादाने मशीन बंद करून सेन्सर त्याच्या जागी घट्ट बसवला आणि पुन्हा सुरू केलं. दुपारी आकडा चढला, भोंगा एकदा कोकलला, पण पंखे घोंघावले, कार्डाने ताकद जराशी कमी केली आणि आकडा थांबला.

मुलं ओसरीवर रेडिओ घेऊन बसली होती. रोज बंद पडायची ती वेळ आली आणि गेली. मावशीचा आवाज चालूच!

"शाबास!" काका बाहेर येऊन म्हणाले. "चूक माही होती. पंचफुलाबाईचा कार्यक्रम रोज होईल! अन् पोरी, तुही मूठ लय कामाची निघाली."

प्रसेनजित आणि निकिता नाचायला लागले. सपनाने नुसती मान हलवली. तिला अजूनही काही वाटत नव्हतं.

कार्यक्रम संपत आला. शेवटपर्यंत तो तिने कधी ऐकलाच नव्हता.

"बरं, येते मी," रेडिओतून आईचा आवाज म्हणाला. "नीट राहा."

हिवाळ्यात त्या रात्री हे कुणीच म्हणालं नव्हतं.

"ये," सपना रेडिओला म्हणाली, आणि इतक्या महिन्यांनी तिला हुंदका फुटला.