माळ्याच्या हातात काय आहे?

पहिल्या भेटीतच तिने त्याला हाकलून दिलं. तेही साऱ्या गावादेखत!

गाव खेळातलं होतं, एवढंच. दादाने घरातल्या एका जुन्या संगणकावर ते वसवलं होतं. ठोकळ्यांची घरं, ठोकळ्यांचे डोंगर, आणि तिथे बागडायला येणारे याच शहरातले त्याचे मित्र आणि मित्रांचे मित्र. पुढे दादाला कामातून मान वर करायला सवड मिळेना आणि गावाची देखरेख धाकटीच्या गळ्यात पडली. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. खेळायची तिला मुळीच आवड नव्हती. पण दुकानात बसल्या बसल्या फोनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली की घरच्या संगणकाला हुकूम पोचायचा. पाऊस म्हटलं की पाऊस. ऊन म्हटलं की लख्ख ऊन. दांडगाई करणाऱ्याला काढ म्हटलं की तो गावाबाहेर!

एकच गोम होती. त्या खिडकीतून तिला बोलता यायचं, ऐकता यायचं नाही. तिची घोषणा सगळ्यांच्या पडद्यावर झळकायची. गावकऱ्यांचं बोलणं मात्र तिला अक्षरभरही दिसत नसे.

त्या दुपारी वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे गावातली अट्टल खेळाडू.

“अगं, आपला पूल कोणीतरी फोडतंय! तो नवा माणूस तिथेच उभा आहे, ‘माळी’ नावाचा. काढ त्याला!”

धाकटीने काढला. तिचा चहा निवायच्या आत वहिनीचा पुन्हा फोन.

“घोळ झाला गं. तो पूल फोडत नव्हता, दुरुस्त करत होता बिचारा.”

धाकटीने कपाळाला हात लावला. खिडकीतल्या यादीत त्याचं नाव परत दिसताच तिने घोषणा केली, “माळीबुवा, चूक झाली. मनापासून माफी!” पण त्याचं उत्तर कळणार कसं? मग तिला आठवलं, कोणाच्या हातात काय आहे, हे खिडकीला विचारता येतं. तिने लिहिलं, “रागावला असाल तर हातात दगड घ्या. नसाल तर... फूल घ्या.”

आणि श्वास रोखून विचारलं, माळ्याच्या हातात काय आहे?

खिडकीने कोरडेपणाने सांगितलं: लाल फूल.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. इतका की समोरच्या आजोबांना तिने भलताच चष्मा दिला.

मग हे रोजचंच झालं. “रोपांना पाऊस हवाय? हवा असेल तर बादली घ्या.” खिडकी सांगायची: बादली. की लगेच आभाळ भरून यायचं. “जेवलात का?” भाजलेला बटाटा. “रोज बटाटा? जाडे व्हाल हं!” कुदळ. म्हणजे घाम गाळतो म्हणायचं होतं त्याला! धाकटी काचा घासता घासता खुदकन हसायची.

एकदा तिने धिटाई केली. “मी दिसायला कशी असेन... काय वाटतं?”

बराच वेळ हात रिकामा. मग— दुर्बीण.

म्हणजे त्याला बघायचंय! कानांच्या पाळ्या गरम झाल्या तिच्या.

“हे सगळं अख्खं गाव वाचतंय हं,” वहिनी घरी म्हणाली. “लोक घरं बांधायची सोडून तुमची मजा बघत बसतात. आणि तो सारखा पाऊस आवर आधी! मी विचारू का त्याला, कुठला, कोण?”

“नको. माझं मीच विचारीन.”

विचारीन विचारीन म्हणत राहिली आणि एक दिवस दादा म्हणाला, “हा संगणकाचा डबा आता फार तापतो. शनिवारी कायमचा बंद करू या.”

गाव गेलं की माळी गेला. त्याचं ना नाव ठाऊक, ना पत्ता, ना आवाज.

शुक्रवारी दुपारी, दुकान रिकामं असताना, तिने एका दमात लिहून टाकलं, “माळीबुवा, उद्या गाव बंद होतंय. मला तुम्ही आवडता. रविवारी सकाळी तळ्याकाठच्या बागेच्या फाटकाशी भेटू या? येणार असाल तर पिवळं फूल घ्या.”

माळ्याच्या हातात काय आहे?

काही नाही.

थोडं थांबून पुन्हा विचारलं. काही नाही. पुन्हा... काही नाही. दगडसुद्धा नाही! डोळे भरून आले. उजवी काच डाव्या बाजूला बसवायला निघाली ती. तेवढ्यात वहिनीचा फोन खणाणला.

“अगं, फोटो पाठवलाय, बघ ना आधी!”

फोटोत गावचा डोंगर होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत नुसता पिवळाधमक.

“सगळी फुलं लावून टाकली त्याने! हातात कुठून राहणार?”

रविवारी धाकटी फाटकाशी पोचली आणि थबकलीच. तिथे अर्धं गाव जमलं होतं, प्रत्येकाच्या हातात पिवळं फूल!

“आम्हीही वाचलं होतं ना,” एक टकले काका ओशाळून म्हणाले. सगळ्यांच्या पुढे वहिनी.

धाकटी एकेक हात बघत गेली. शेवटी एक उंच तरुण उभा होता. हात रिकामे, बोटांना ओली माती.

“तुमचं फूल?”

“लावलं,” त्याने फाटकाजवळच्या वाफ्याकडे बोट केलं. “धरून ठेवलं की सुकतं हो.”

किती सावकाश, किती मऊ बोलत होता तो! इतक्या दिवसांत तिने तो आवाज पहिल्यांदाच ऐकला.

“खरंच माळी आहात?”

“छे! लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यात. बाग होती ती फक्त तुमच्या गावात.” तो घुटमळला. “आता गावच नाही. मला काय वाटतं, ते तुम्हाला कळणार कसं?”

“बोला की,” धाकटी म्हणाली. “आज ऐकायलाच आलेय मी.”

“मलाही तुम्ही... आवडता. त्या दिवशी हाकलून दिलंत ना, अगदी तेव्हापासून.”

धाकटीने त्याचा मातीने भरलेला हात हातात घेतला.

“मोठ्याने बोला रे,” मागून वहिनी ओरडली, “इकडे ऐकू येत नाहीये!”