तिसऱ्या हाकेला

कोरपन्याच्या बसस्टँडसमोर पोचूचा एस.टी.डी. बूथ होता. २००२ च्या उन्हाळ्यात त्यानं काचेच्या खोलीतला फोन बाहेर काउंटरवर आणला, आत एक कॉम्प्युटर आणि दोन खुर्च्या मांडल्या आणि बोर्डावर रंगवून घेतलं, 'नेटवरून परदेशी बोला.' कोरपन्यातून परदेशी बोलणारा माणूस तेव्हा एकच होता. उमाजी.

उमाजीचा मुलगा अमर सिमेंटच्या भट्टीचा फिटर. जवळच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करता करता त्याच ठेकेदाराच्या ओळखीनं तो बल्गेरियाला गेला, तिथल्या एका जुन्या भट्टीच्या दुरुस्तीवर. गावात हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. शेजारची शकुबाई म्हणायची, "बल्लारशालेच हाये ना पोरगा? मंग फोन कायले पाह्यजे? यष्टी जाते ना तिथी." उमाजीची बायको गोकुळा समजावून थकली. शेवटी ती म्हणू लागली, "हो बाई, बल्लारशाच्या थोडं पुढं."

त्या देशात परदेशी फोनचा मक्ता एकट्या सरकारी कंपनीकडे होता आणि तो फोन फार महाग पडायचा. म्हणून रेल्वे स्टेशनाजवळची लहान दुकानं मक्त्याच्या आडून नेटवर बोलू देत. तपासणी आली की शटर खाली. आपल्याकडे नेटवरून बोलायला सरकारनं त्याच वर्षी मोकळीक दिली, पण या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर. नेटवरून आलेला आवाज घरच्या साध्या फोनवर सोडायला बंदी होती. चोरून सोडणारे होतेच. एकदा अमरचा फोन शकुबाईच्या घरी आला तेव्हा फोनला जोडलेल्या, नंबर दाखवणाऱ्या डबीवर आकडा उमटला नागपूरचा. पुढे तो रस्ताही बंद झाला. म्हणून दर रविवारी दुपारी उमाजी आणि गोकुळा पोचूच्या दुकानात येऊन बसत.

आवाज उशिरा यायचा. अमर "बाबा" म्हणाला की ते दोनदा ऐकू येई, एक खरं आणि एक मागून. उमाजीला त्याची सवय झाली. बोलायचं आणि थांबायचं, विहिरीत दगड टाकून थांबावं तसं. गोकुळाचं मात्र वेगळंच होतं. तिचं माहेर एटापल्लीकडचं, जंगलातलं. तिकडं बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत, दुसऱ्याही नाही. जे माणूस नसतं ते तिसरी हाक मारू शकत नाही, असं मानतात. लग्नाला तीस वर्षं होत आली तरी उमाजीच्या तिसऱ्या हाकेशिवाय ती कधी बोलली नव्हती. आणि इथं तर एक हाक दोनदा यायची.

"ते मोजायची नाई," ती पोचूला ठणकावून सांगे. "एकच हाक हाये ते. मशीन खोटं बोलते."

मग अमर सावकाश, मध्ये दम घेऊन म्हणे, "माय." थांबे. "माय." थांबे. "माय."

"हं, बोल बापा," असं म्हणून ती सुरू होई, आणि मग तिला कुणी थांबवू शकत नसे.

उमाजी तिच्या या रीतीला हसायचा. गावात भानामतीच्या गोष्टी निघाल्या की तो उठून जाणारा माणूस. डोळ्यांनी दिसतं तेवढं खरं, असा त्याचा हिशेब होता.

दसरा झाल्यावर कापसाच्या पहिल्या वेचणीत गोकुळा पाणी प्यायला शेताच्या धुऱ्यावर बसली आणि उठली नाही. उमाजीनं तिला लांबून हाक मारली. मग दुसरी मारली. तिसरी हाक मारली तेव्हा तो धावतच होता.

अमरला कळवायला तो पोचूकडे गेला. नेमकी तेव्हा अमरकडची दुकानं तपासणीमुळे बंद होती. कारखान्याच्या नंबरवर कुणी बाई तिकडच्या भाषेत काही बोले आणि ठेवून देई. पोचू म्हणाला, "मेल टाकू का भाऊ? दुकान उघडलं का वाचन तो."

"नको. आई मेली असं लिहून सांगतेत का?"

तेरवी झाली, तरी अमरकडचं दुकान उघडलं नाही. उमाजी रविवारी येऊन त्या खुर्चीवर बसे आणि पोचूचा चहा पिऊन परत जाई.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी कॉम्प्युटर वाजला. अमरच होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यानं विचारलं, "माय कुठी हाये बाबा? दे ना तिले."

उमाजीनं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. त्यानं हेडफोन काढला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि पाणी प्यायला बाहेर गेला. रांजणाजवळ उभं राहून त्यानं वाक्य जुळवलं, 'अमर, तुझी माय गेली.' मनात म्हणून पाहिलं आणि परत आला.

हेडफोन कानाला लावला तर अमरचा आवाज तुटक येत होता. हसल्यासारखा.

"कोनाशी बोलून राह्यला रे?" उमाजीनं विचारलं.

उत्तर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. "मायशी. अजून कोनाशी? तीन हाका माराव्या लागल्या, मंग बोलली."

उमाजीनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. थोड्या वेळानं लाइन गेली.

पोचूनं सगळं ऐकून घेतलं. "भाऊ, नेटवर आवाज तुकड्या-तुकड्यानं जाते. एखादा तुकडा वाटेत अटकते, मागून पोचते. बाईचं जुनं बोलणं असन कुठी राह्यलेलं." उमाजीला हे पटलं. पटवून घेतलं.

पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा हेडफोन खुर्चीवर ठेवला. का ठेवला ते त्याला सांगता आलं नसतं. परत कानाला लावला तेव्हा अमर म्हणाला, "ढवळी व्याली म्हणे बाबा? गोऱ्हा झाला?"

ढवळी गाय गुरुवारी व्याली होती.

"अन् तुमी सोताच स्वयंपाक करून राह्यले म्हणे. वरण खाली लावता. काऊन, मायले बरं नाई का?"

उमाजी म्हणाला, "हात दुखते तिचा थोडा."

ते बोलला आणि अडकला. आता खरं सांगायचं तर आधी हे खोटं काढावं लागणार होतं.

त्यानंतर रविवारचा क्रम ठरला. उमाजी चार शब्द बोले, मग हेडफोन खुर्चीवर ठेवे आणि शेजारी बसून राही. त्याला काही ऐकू येत नसे. एकदा त्यानं हेडफोन आपल्याच कानाला ठेवला. तिकडचा पंखा ऐकू येत होता. अमरच्या तीन हाका आल्या, आणि मग फक्त, "हं... हं माय... हो."

उमाजीची नजर पडद्याकडे गेली. आपण बोललो की तिथं खाली एक हिरवी पट्टी वर-खाली होते, हे त्याला पोचूनं दाखवलं होतं. आवाज आत जातो की नाही ते तिच्यावरून कळतं. उमाजीचं तोंड बंद होतं. खोलीचं दार लावलेलं होतं. पट्टी हलत होती.

ती उगाच हलत नव्हती. बराच वेळ एकसारखी, मग एक झटका, मग खंड, मग पुन्हा एकसारखी. अशीच ती बोलायची. बरंच सांगून झालं की "मंग?" म्हणायची, समोरच्याला एक शब्द बोलू द्यायची आणि पुन्हा सुरू व्हायची. उमाजीनं तोंडाजवळच्या माइकवर तळहात दाबला. पट्टी हलत राहिली. आणि हाताला ऊब लागली, कुणी अगदी जवळून बोलावं तशी.

तो तसाच बसून राहिला, हात न काढता.

पोचूला वाटे, उमाजी पोराशी खोटं बोलतो आहे. एकदा तो चिडला. "काऊन सांगत नाई भाऊ? उन्हाळ्यात येईन तो घरी. मंग काय फोटोले हार घातलेला दाखवसान त्याले?"

"सांगतलं तर ती येणार नाई, पोचू."

पोचूनं त्याच्याकडे पाहिलं.  त्या दिवसापासून रविवारी उमाजी आला की तो समोरच्या टपरीवर जाऊन बसू लागला.

उमाजी घरी चुलीपुढे बसून विचार करी. मेलेलं माणूस तिसरी हाक मारू शकत नाही, हे गोकुळाकडचे सगळे सांगत. पण जित्या माणसानं मेलेल्याला तीन हाका मारल्या तर काय होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? गेलेल्या माणसाला कोण तीन वेळा बोलावतं? अमरनं बोलावलं, कारण त्याला माहीत नव्हतं. आणि त्याला माहीत नव्हतं, कारण बापाची जीभ उचलली नाही. गोकुळा नियमाची पक्की. तीन हाका आल्या की ओ देणं तिला भागच होतं. मग आपण तिला जाऊ देत नाही की ती जात नाही? आणि पोराचा हक्क? आईसाठी एकदा मोकळं रडण्याचा?

आज सांगायचंच, असं ठरवून तो रविवारी निघे. मग हिरवी पट्टी हलू लागे, आणि तो म्हणे, पुढच्या वेळी.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी अमर म्हणाला, "बाबा, इथला मक्ता संपला आता. नव्या सालापासून दुसऱ्या कंपन्या येऊन राह्यल्या, नवे नियम. हा दुकानवाला म्हणते, परवाना घेनं आपल्याच्यानं होत नाई. आज बंद करते तो. आता कुठून बोलता येईन, मालूम नाई."

"म्हणजे आज शेवटचं?"

"इथून तरी."

उमाजीनं खुर्चीकडे पाहिलं. हेडफोन काढला नाही.

"अमर."

"हं."

"तुझी माय गेली रे. कापूस वेचता वेचता. दसऱ्याच्या मागून. तुले सांगाले मी..."

 त्याचे शब्द तिकडं पोचायचे होते. तो वाट पाहत राहिला.

"मले मालूम हाये बाबा."

"कोनं सांगतलं?"

"मायनंच. पहिल्या दिवशी. तुमी हेडफोन ठेवून गेलते तवा."

त्या दिवशी अमर हसत नव्हता, हे उमाजीला आता कळलं.

"म्हणे, तुह्या बाबाच्या तोंडून निघत नाई अजून. तो सांगन तवाच सांगन. तवरी तू काई बोलू नको. मी किती बार विचारलं तुमाले बाबा, मायले बरं नाई का म्हून."

उमाजीनं डोळे पुसले. बापलेक दोघंही रडले. एकाचं रडणं दुसऱ्याला उशिरा ऐकू येत होतं, त्यामुळे ते संपता संपत नव्हतं.

मग उमाजीनं विचारलं, "आता हाये का ती?"

नेहमीएवढा वेळ गेला.

"हाये."

"काय म्हणते?"

"म्हणते, झालं ना आता सांगून. उठा म्हणते."

"एवढ्यात?"

"मागं लोकं उभी हायेत म्हणते. लय वेळचे. त्याईलेबी आपापल्या घरी बोलायचं हाये."

"कोन लोकं?"

 लाइन गेली होती.

उमाजीनं मागं पाहिलं. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. दुकानात कुणी नव्हतं. पोचू रस्त्यापलीकडे टपरीवर बशीत चहा ओतत होता.

उमाजीनं हेडफोन नीट खुर्चीवर ठेवला. चपला पायात घातल्या. मग तो भिंतीला लागून, अंग चोरून, कुणाला धक्का लागू नये असा दाराकडे निघाला. उंबऱ्याशी एकदा थांबला आणि वाट मोकळी झाल्यावर बाहेर पडला.