टिटवीचा डावा पंख

"कुणी मोडलं हे?"

मेधाताईंचा आवाज सिंगापुरात सेरंगूनच्या राजसच्या फ्लॅटमध्ये असा घुमला की स्वयंपाकघरातली मोलकरीण सुमिनी हातातल्या ताटलीसकट जागच्या जागी थिजली.

टेबलावर 'टिटवी' होती. मेधाताईंच्या वडिलांनी, निशिकांत गुप्त्यांनी आखलेल्या एका छोट्या विमानाचं सागवानी मॉडेल. खरं विमान कधी बनलंच नाही. वडिलांच्या नावावर जगात उरलं होतं ते एवढंच. उद्या मराठी मंडळाच्या 'विसरलेली विमानं' या प्रदर्शनात ते मधोमध मांडायचं, म्हणून मेधाताईंनी गेल्या आठवड्यात ते टॅम्पिनीसच्या आपल्या घरून मांडीवर धरून आणलं आणि मंडळाच्या राजसच्या हवाली केलं. प्रदर्शनाची सगळी जबाबदारी राजसची.

आता डाव्या पंखाचं टोक गायब होतं.

"मावशी, काल सुमिनीनं पुसलं ना ते," राजसची बायको विनीता म्हणाली. "पाडलं असणार. सॉरीसुद्धा म्हणाली. दुपारी एजंट येतोय तिला न्यायला. कामाचं परमिट रद्द करून इंडोनेशियाला परत पाठवणार."

"पाठवाच!" मेधाताई कडाडल्या. "दुसऱ्याची वस्तू नीट धरता येत नाही?"

सुमिनीनं मान खाली घातली. "सॉरी, मॅडम."

मेधाताईंनी मॉडेल उचललं. पंखाच्या टोकावरून अंगठा फिरवला. लाकूड गुळगुळीत होतं. गोलसर. किंचित चिकट. व्हार्निशचा वास येत होता.

"सुमिनी, हे तू पाडलंस?"

"नो, मॅडम."

"मग सॉरी कशाला म्हणतेस?"

"मॅडम रागावल्या, म्हणून."

"तुटका तुकडा सापडला?"

"नाही. मी रोज झाडते. तुकडा नव्हता."

मेधाताईंचा राग गेला नाही. त्यानं फक्त दिशा बदलली.

कोपऱ्यात सुतारकाम करणारा उज्ज्वल हत्यारांची पेटी आवरत होता. मॉडेलखालचा स्टँड त्यानं घडवला होता.

"उज्ज्वल, तुझ्या पेटीत बारीक करवत आहे?"

"आहे की. पेटी इथंच पडून आहे चार दिवस." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो ताई, माझ्यावर कुठं येताय? स्टँड बघा ना! पंख मोजून केलाय मी. डावा हात बघा, उघडाच पडलाय. कापायचंच होतं तर एवढा लांब हात कशाला घडवला असता?"

खरंच होतं. स्टँडचा उजवा हात पंखाखाली बरोबर दडला होता. डावा मात्र भिकाऱ्यासारखा बाहेर पसरलेला.

"विनीता, दोरी दे."

मेधाताईंनी टिटवीच्या पोटाला मधोमध दोरी बांधली आणि ती हुकाला टांगतात तशी उंच धरली. टिटवी सरळ राहिली. अगदी तराजूसारखी.

"आमच्या घरी ही छताला टांगलेली असायची," त्या म्हणाल्या. "कायम डावीकडे कललेली. आई रोज सरळ करायची, ही रोज कलायची. राजस, तो भिंतीपाशी टेकवलाय तो फलक कधी छापून आला?"

"सोमवारी, मावशी." राजस लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला.

"फोटो कुणी काढला?"

"मीच. का?"

मेधाताई फलकासमोर जाऊन उभ्या राहिल्या. फोटोतली टिटवी देखणी होती. दोन्ही बाजूंनी नेटकी.

"सुमिनीनं काल पाडली म्हणता. मग सोमवारच्या फोटोत हिचा डावा पंख आखूड कसा?"



"पडलेली वस्तू कुठेही तुटते. उजव्या पंखाची बरोबरी साधून तुटत नाही. वर व्हार्निश लावून घेत नाही. हा पंख मुळात लांबच होता, राजस! इंजिनाचा पंखा फिरला की विमान डावीकडे लवंडू पाहतं. तिथं जास्त उचल मिळावी म्हणून बाबांनी मुद्दाम लांब ठेवला होता. उज्ज्वलनं लांबी मान्य करून स्टँड केला. तुला ती चूक वाटली. व्हार्निश अजून चिकट आहे, म्हणजे काप ताजा; आधी फोटोत पुसलीस. मग प्रत्यक्ष मॉडेल फोटोशी जुळेना, म्हणून करवत उचललीस."

राजसचा चेहरा उतरला. "मावशी, उद्या विमान कंपन्यांची माणसं येणार आहेत. हसली असती सगळी. म्हणाली असती, यांना दोन पंखही सारखे जमत नाहीत. तुमच्या बाबांची लाज राखायला..."

"लाज?" मेधाताई त्याच्याकडे वळल्या. "बाबांचं विमान तपासणाऱ्या समितीनं हेच वाक्य म्हटलं होतं! हसले, आणि आराखडा बासनात गेला. बाबांना विचारलंसुद्धा नाही की का. मी जिवंत होते, राजस. टॅम्पिनीसला होते. एक फोन करायचास!"

"चुकलं माझं."

"ते एक चुकलं. आणि ही?" त्यांनी सुमिनीकडे बोट केलं. "हिचं पोट जाताना तू लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसलास. ती चूक नव्हे. तो हलकटपणा."

विनीता नवऱ्याकडे वळली. मग तिनं त्याचा फोन उचलून त्याच्यासमोर आपटला. "एजंटला सांग. खरं काय ते सांग. माझ्यासमोर."

राजसनं सांगितलं. मग लॅपटॉपच्या बॅगेतून कागदात गुंडाळलेला तुकडा काढला. टाकायला हात धजला नव्हता.

"सॉरी, मॅडम," सुमिनी सवयीनं पुटपुटली.

"गप!" मेधाताई ओरडल्या. "सॉरी मी म्हणायचं. मघाशी मीही ओरडले तुझ्यावर, काही न विचारता."

दुसऱ्या दिवशी टिटवी मधोमध टांगली गेली. टोक दोऱ्यानं बांधलेलं, जोड उघडा दिसणारा, विमान डावीकडे कललेलं. खाली राजस उभा होता. पंख लांब का, आणि तो कापला कुणी, हे येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. मेधाताई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. ऐकायला.