मावल्या उठल्या

पावसाआधी निवाऱ्याच्या छपराची भोकं डांबरानं बुजवायची, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. १९७८ चा एप्रिल. शनिवार. नाशिकहून पहिली एसटी, कळवणच्या पुढे तीन तास पायपीट, मग कावड्या डोंगराची चढण. वर कड्याच्या पोटाशी आमच्या गिर्यारोहण मंडळाची दगडी खोली होती. एक दार, खिडकी नाही, गंजलेले पत्रे. आणखी एक पावसाळा गळत गेला असता तर वासे कुजून खोली बसली असती.

तिघं होतो. मी सहादू, पोस्टात कारकून. निवृत्ती, ड्रॉइंगचा मास्तर. डोक्यावर डांबराचा डबा, तोंडाला विश्रांती नाही. आणि पायथ्याच्या पाड्यावरचा बुधा, वाटाड्या.

छप्पर

बुधा हंडा घेऊन खालच्या टाक्यावर निघाला. जाताना म्हणाला, "धूर करू नका बरं, मास्तर. वर मावल्या हायेत."

मावल्या म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या देवी. मला एवढंच ठाऊक.

"बुधा, आम्ही बौद्ध," मी हसलो. "मावल्या सोडून बावीस वर्षं झाली."

"त्यांना ठसका लागला तर खडीसाखर दे!" निवृत्ती म्हणाला.

"तसं नाय ओ..." बुधा कड्याकडे बघून थांबला. गेला.

तीन दगडांवर डबा चढवला. ओल्या फांद्यांचा जाळ, डांबराची वाफ. पिवळा, दाट धूर कड्याला चाटत वर निघाला. निवृत्ती कुंचा घेऊन पत्र्यावर.

गुरगुर ऐकू आली. एसटीचं इंजिन? इथे?

मग कड्यावरचा एक काळा डाग सुटा झाला.

"सहादू, हे काय—"

उडी. धाव. दार!

दार

बंद. अंधार. दारावर टपटप, टपटप.

निवृत्तीच्या मानेतून, कानांतून, पापण्यांतून मी नखानं काटे ओढत होतो. तीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. तेवढ्यात खालून बुधाची हाक आली, "मावल्या उठल्या! बाहेर येऊ नका!"

तेव्हा कळलं. आग्या मोहोळाखाली उभं राहून इथली माणसं त्याचं नाव घेत नाहीत. मावल्या म्हणतात. बुधा देवींचं बोलतच नव्हता. माश्यांचं बोलत होता!

भोकं

जी बुजवायला आलो ती पाच भोकं. पाचांतून उजेड, पाचांतून माश्या. एकात माझा सदरा कोंबला. एकात टॉवेल. दोनांत मोजे. पाचव्यावर तळहात. चटका! पत्रा तव्यासारखा तापलेला, आणि आत पाण्याचा थेंब नाही.

"अंधारलं की त्या बसतील," मी म्हणालो. "तोवर कळ काढ."

निवृत्तीनं माझा पाय घट्ट पकडला. मी वळलो. ओठ सुजून बाहेर आलेले. छाती उडत होती आणि घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज.

"श्वास..." तो म्हणाला. "जात... नाही... आत."

अंधार पडायला चार तास होते. त्याच्याजवळ चार तास नव्हते.

ताडपत्री

वाशांवर अंथरायला आणलेली नवी कोरी ताडपत्री. ती दोघांवर ओढली. कडा मुठीत धरल्या.

"बुधा! मास्तरचा गळा मिटतोय! आम्ही निघतो!"

कातळात खोदलेल्या पायऱ्यांजवळच्या धोंड्याआडून बुधा ओरडला, "पळू नका! झटकू नका! मयताबरोबर चालता तसं चाला. पाय मी सांगतो!"

दार उघडलं.

पायऱ्या

डावा.

ताडपत्रीवर गारा पडाव्यात तशा माश्या. दिसत होते फक्त चार पाय आणि हातभर कातळ.

उजवा. थांबा! उजवीकडं कडा हाय!

कातळ संपला. खाली नुसती हवा! निवृत्ती माझ्या दंडावर कोसळत होता. घोट्याला डंख. पोटरीला डंख. झटकायचं नाही!

डावा. खाली. आणखी खाली. लय भारी, सायेब!

शिट्टी बारीक होत चालली होती.

डावा.

डावा.

सावली. झाडं! बुधानं ताडपत्री फेकली, निवृत्तीला पाठुंगळी घेतलं आणि उताराला लागला. पाड्यावरून बैलगाडी, सडकेवरून कांद्याचा ट्रक, कळवणचा दवाखाना. सुई टोचताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी अर्ध्या तासानं आला असतात तर..."

छपराची भोकं तशीच राहिली. "मावल्या जाईस्तोवर वर जायचं नाय," बुधानं बजावलं. "खोली बसली तर बसू द्या." मी मान डोलावली.

रात्री नर्सबाई तणतणत आल्या. "अहो, तुमच्या माणसाला कुशीवर वळवा! घोरणं बघा, अख्खा वॉर्ड जागा झालाय!"

"घोरू द्या हो, बाई!" मी म्हणालो. "घोरू द्या!"