कोळगव्हाणचा काळउपसा

हे तुम्ही खरं मानणार नाही. पैज लावतो. देवठाणच्या या फलाटावर ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं ते पोट धरून हसले, आणि गाडी आली तशी हसतहसतच चढून गेले. तुम्हीही चढाल. पण गाडीला अजून अवकाश आहे, तोवर ऐका.

इथून थोड्या अंतरावर, याच रुळांच्या खांबांखाली, कोळगव्हाण नावाचं गाव आहे. तुम्ही ते पाहिलेलं नाही. त्वरिता गाडी तिथून जाते तेव्हा खिडकीत नुसती करडी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे आमचं गाव. तिथे शेवंती हांडोरे राहते. केस पांढरे, गुडघे गेलेले, पुढचे दात पडलेले. तिची जुळी बहीण केतकी इथे देवठाणला नांदते आणि रोज शहरात कामाला जाते. केतकीचं वय अडतीस. दिसतेही अडतीसचीच.

"जुळ्या म्हणता, मग एक तीस वर्षं आधी जन्मली का?"

हसा. मी म्हटलंच होतं. दोघी एकाच दुपारी जन्मल्या. आधी केतकी, मग शेवंती. म्हणजे म्हातारी दिसते ती धाकटी. गेल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात नवरी शेवंतीच्या पाया पडली आणि केतकीकडे बघून म्हणाली, "आजी, या तुमच्या लेक का?" शेवंती मांडवात हसली. मग मांडवामागे गेली आणि भरलेला ताकाचा डेरा लाथेनं उलथा केला.

त्वरिता कशी चालते ते तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नाही, तुम्ही फक्त बसता. देवठाणहून शहर पूर्वी तासाभराची वाट. त्वरिता सहा मिनिटांत नेते. तुम्हाला वाटतं, वेग वाढवला असेल. तेवढा वेग वाढवला असता तर सकाळी प्यालेला चहा तुमच्या कानातून बाहेर आला असता. नाही, वेगाची गंमत नाही ही. ही दुसरीच चोरी आहे.

आधी आमच्या शहाणपणाचं सांगतो, म्हणजे सगळा दोष तुमच्यावरच टाकतोय असं वाटायला नको. कोळगव्हाण आणि चिंचठाण या दोन गावांच्या मध्ये एक ओढा आहे. त्या ओढ्यावरच स्थानक मंजूर झालं होतं. खांब उभे राहिले, फलाट झाला, मग पाटी आली: 'कोळगव्हाण'. दुसऱ्या दिवशी पाटीवर डांबर. नवी पाटी आली: 'चिंचठाण'. त्याच संध्याकाळी आमच्या पोरांनी ती ओढ्यात बुडवली. दोन्ही नावं लावू म्हणाले, तर आधी कुणाचं यावर डोकी फुटली. एका भाबड्या इंजिनिअरनं सुचवलं, 'चिंचगव्हाण' ठेवा. तेव्हा दोन्ही गावांनी मिळून त्याचा पुतळा जाळला. तोवर दोन्ही गावांनी जोडीनं केलेलं तेवढं एकच काम.

शेवटी वरच्यांनी स्थानकच रद्द केलं. आणि आम्ही काय केलं? पेढे वाटले! आपलं नाव लागलं नाही, पण त्यांचंही लागलं नाही म्हणून. मीही दोन खाल्ले. केशरी होते.

गाडी सुरू झाली आणि पहिल्यांदा दही बिघडलं.

आमचं गाव गवळ्यांचं. घरोघरी मडक्यात दही लागतं आणि पहाटे शहरातल्या मिठाईवाल्यांकडे जातं. रात्री विरजण घातलेलं दही सकाळी कसं हवं? सुरीनं कापावं असं. ते आता सकाळपर्यंत आंबून, पाणी सुटून, वास मारायला लागायचं. आधी दोष विरजणाचा. मग म्हशींचा. मग सुनांचा. मग अर्थात चिंचठाणचा. त्यांनी करणी केली म्हणून. चिंचठाणला आमचा संशय, कारण त्यांची केळी पिकायच्या आधीच सडत होती.

मग दाढ्या. सकाळी गुळगुळीत दाढी केलेला मनुष्य दुपारी साखरपुड्याला जाईपर्यंत दरोडेखोर दिसायचा. लोक चौथ्यांदा जेवायला बसायचे आणि तरी दिवस मावळायचा नाही. सूर्य लंगडायला लागला होता, खरंच सांगतो. माथ्यावरून हलायचाच नाही. भिंतीवरची घड्याळं पुढे पळायची. आम्ही सेल बदलले, घड्याळं बदलली, शेवटी काढून ठेवली. कारण मोबाईल बरोबर वेळ दाखवायचा. मोबाईलची वेळ शहरातून येते, हे कुणाच्या डोक्यात येणार? दुधाच्या शीतकरण केंद्रावर पोरं आठ तासांची पाळी करायची. मोबाईलच्या हिशेबानं आठ. अंगाच्या हिशेबानं रात्र उलटून गेलेली. पोरं कॅनला टेकून झोपायची आणि मुकादम म्हणायचा, "गवळ्याची जात आळशी." त्या माणसाचं तोंड आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात.

अशात डॉक्टर मृणाल देवस्थळी आल्या. औषधाच्या नव्हेत, पदार्थविज्ञानाच्या. त्वरिता बांधणाऱ्यांपैकीच एक. खांबांचे हादरे मोजायला आल्या होत्या. शेवंतीनं त्यांना ओट्यावर बसवलं, ताक दिलं. बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शिळं आहे का हो?"

"आत्ता घुसळलं, तुमच्यासमोर," शेवंती म्हणाली. "तुमच्या गाडीनं शिळं केलं."

बाई हसल्या. पण त्यांच्या मनगटावर वडिलांचं चावीचं घड्याळ होतं. निघताना त्यांनी सवयीनं ते मोबाईलशी जुळवायला घेतलं आणि तिथेच थांबल्या. मग परत ओट्यावर बसल्या. दिवसभर बसून राहिल्या. घड्याळाकडे बघायच्या, मोबाईलकडे बघायच्या, शेवंतीच्या कानशिलावरच्या पांढऱ्या बटांकडे बघायच्या.

"शेवंतीताई," त्या शेवटी म्हणाल्या, "उपसा सिंचन माहीत आहे ना?"

"नदीचं पाणी पंपानं उचलून वरच्या रानात नेतात ते?"

"तेच. त्वरितेच्या डब्याखाली तारांची वेटोळी आहेत. ती पाण्याऐवजी वेळ उचलतात. आम्ही त्याला काळउपसा म्हणतो. वाट तासाभराची आहे ना? ती तुडवायला तास लागणारच. विज्ञानाला तो तास नाहीसा करता येत नाही. कुणाला तरी तो घालवावाच लागतो. प्रवासी घालवत नाहीत, शहर घालवत नाही..."

"मग कोण घालवतं?"

बाई खाली बघून म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, माळ घालवेल. दगडाला काय, एक तास जास्त. प्रवाशांनी वाचवलेला सगळा वेळ रुळांखालच्या पट्ट्यात पडतो. घाईपट्टा म्हणतो आम्ही. तिथे जे काही असेल, त्यावर तो तेवढा जास्त जातो. दह्यावर. दाढीवर."

"माणसावर."

"हो. माणसावर."

"देवठाणला का नाही पडत?"

"गाडी थांबवायची तर वेटोळी बरीच आधी बंद करावी लागतात. जिथे थांबा, ते गाव सुटलं. नकाशात तुमच्या ठिकाणी स्थानक रद्द असा शेरा होता. रद्द म्हणजे वस्ती नाही, असं आम्ही धरलं."

शेवंतीनं कानशिलावरच्या पांढऱ्या बटा पदराखाली सारल्या. मग म्हणाली, "म्हणजे आमची केतकी रोज जो तास वाचवते, तो मी घालवते."

डॉक्टरबाईंनी समोरचं आंबलेलं ताक उचललं आणि तळापर्यंत पिऊन टाकलं. माणूस म्हणून मला त्या तिथे आवडल्या. पण ताक पिऊन काय होतंय?

"गेलेला परत मिळेल?" शेवंतीनं विचारलं.

"नाही. पुढचा वाचेल. थांबा मिळाला तर."

मग काय, दोन्ही गावं त्याच आठवड्यात एकत्र बसली. नाव? कुणाचंही लावा! मंत्र्यांच्या सासूबाईंचं लावा, आमची हरकत नाही. डॉक्टरबाई आमच्याबरोबर वरच्या कचेरीत आल्या, त्यांनी त्वरितेच्या साहेबांपुढे सगळं मांडलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "दिवस मोठा मिळतो ना तुम्हाला? शहरात माणसं वेळेसाठी तडफडतायत. तुम्हाला फुकट मिळतोय, तर तक्रार?"

त्या खोलीत थंडगार हवा होती, तरी माझ्या अंगाची आग आग झाली. आमच्या बाजीरावानं टेबलावरची फुलदाणी उचलली होती. मीच त्याचा हात धरला. का धरला, कोण जाणे.

साहेब न्यायी होते. त्यांनी प्रवाशांना विचारलं. आठवतंय? तुमच्या सगळ्यांच्या मोबाईलवर प्रश्न आला होता. 'एका जादा थांब्यामुळे तुमचा प्रवास दोन मिनिटांनी वाढेल. चालेल का?' खाली दोन बटणं होती. तुमच्यापैकी कुणी कोणतं दाबलं, ते मी विचारत नाही. निकाल मला पाठ आहे. असं खाली बघू नका, चपला चांगल्याच आहेत तुमच्या.

"अहो, पण आम्हाला कुठे माहीत होतं, खाली कोण आहे ते?"

बरोबर. तुम्हाला माहीत नव्हतं. केतकीला माहीत होतं.

रविवारी ती माहेरी यायची, डिंकाचे लाडू घेऊन. शेवंतीला चावत नाहीत म्हणून खलबत्त्यात कुटून द्यायची. एका रविवारी शेवंतीनं लाडवांचा डबा परत तिच्या पिशवीत ठेवला.

"गाडी सोड, केतके."

"सोडून जाऊ कशानं? एसटी बंद केली त्यांनी. टेम्पो बदलत बदलत गेले तर जाऊन येऊन चार तास. माझी मुक्ता शाळेतून येते तेव्हा घरात कुणी नको?"

"मुक्ताला इकडे आणून ठेव."

"इकडे?" केतकी म्हणाली. तो एक शब्द तिनं ज्या भीतीनं उच्चारला ना, त्यानं शेवंतीच्या डोळ्यांत काहीतरी विझलं. मी दारात उभा होतो, मी पाहिलं.

"अगं, एका गाडीत हजार माणसं बसतात," केतकी रडायला लागली. "मी एकटीनं सोडलं तर कितीसा फरक पडणार? माझा तास सगळ्या पट्ट्यावर पसरतो. तुझ्या वाट्याला दिवसाला दोन क्षणही येत नसतील माझे."

"दोन तर दोन. ते मला तुझ्याकडून नकोत," शेवंती म्हणाली. "बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांना मी ओळखत नाही. त्यांनी लुटलं तर शिव्या देईन. तू लुटलंस तर काय करू? तुला शिवी दिली तर ती मलाच लागते."

केतकी पिशवी तिथेच टाकून निघाली. पांदीच्या वाटेपर्यंत तिचा हुंदका ऐकू येत होता. शेवंती मागून ओरडली, "पळ! उद्याची गाडी चुकेल!"

आता ऐका, पुढचं तर तुम्ही मुळीच मानणार नाही. दुसऱ्या दिवशी केतकी या फलाटावर आली. इथेच, या खांबाशी. गाडी लागली. दारं उघडली. मागची माणसं ढकलायला लागली. आणि ती वळली, पासाचं कार्ड काढलं, कडाकडा मोडलं आणि तुकडे रुळांवर भिरकावले! त्या दिवसापासून आजपर्यंत तिनं त्वरितेत पाय ठेवलेला नाही. दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मध्ये बसून जाते. चार तास तर चार तास. आपले तास ती आपल्या अंगावर घालवते. बोटाएवढी पोर, पण काय छाती! आणि तिचं बघून त्याच दिवशी आणखी सात जण उतरले, दुसऱ्या दिवशी वीस. एकेकानं ठरवलं म्हणजे होतं. गाडी रिकामी जायला लागली तर खाली काय पडणार? आणि परवाची गोष्ट सांगतो. शेवंतीची वेणी घालताना भावजय ओरडली. भांगाजवळ, अगदी मुळाशी, एक केस काळा! कुळकुळीत काळा! अहो, डॉक्टरबाईंनी स्वतः भिंगातून पाहि...

"खोटं!"

कोण ते? पुढे या.

"खोटं बोलताय, नाना. मी आले पुढे. ओळखलंत ना? सांगा यांना, मी कोण ते. नाही सांगत? मीच सांगते. मी केतकी, शेवंतीची जुळी. हा बघा माझा पास, धड आहे. मी एक दिवससुद्धा गाडी चुकवलेली नाही. कुणी उतरलं नाही, सात नाही आणि वीस नाही. आणि काळा केस म्हणे! रात्रभर तिच्याचकडे होते मी, आत्ता तिथूनच येतेय. शेवंतीनं मला पाट मांडून दिला. ताक दिलं. समोर बसली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग विचारलं, 'बाई, तुम्ही कुणाच्या?'... सरका, नाना. वाट सोडा. गाडी लागली."