साक्षीचा लॅपटॉप

माधवी वरकुट्याला गेली ती लॅपटॉप दुरुस्त करायला. जळोचीत घराच्या पुढच्या खोलीत तिचा हाच उद्योग होता, आणि गिऱ्हाइकांच्या एकेक करामती बघून ती मनातल्या मनात हसायची. पण हा लॅपटॉप साक्षीचा, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा. श्रावणात डेंग्यूच्या तापानं साक्षी गेली. त्यानंतर माधवी तिच्या वरकुट्याच्या घरी पहिल्यांदाच येत होती, आणि आज हसण्यासारखं काही नव्हतं.

दुपार कलली होती. खिडक्या लावलेल्या, खोलीत निलगिरीच्या तेलाचा कोंदट वास. कॉटवर साक्षीच्या जागी लॅपटॉप होता आणि त्याच्यावर जाडजूड गोधडी.

"मावशी, ह्याला कुणी गोधडी घालतं का? गरम हवा जायची कुठनं?"

"हुडहुडी भरायची गं तिला," साक्षीची आई, ताईबाई, म्हणाल्या. "रातच्याला मिटून ठेवते. मग आपसूक चालू हुतो, तापतो... आन् बंद पडतो. तू बंद पडायचं तेवढं बघ. तापू दे त्याला. त्याच्या उबंनंच मला झोप लागती."

माधवीनं मागचं झाकण काढलं. पंख्यात गोधडीचे धागे न् कापूस गच्च बसला होता. तो साफ केला. आता मिटलेला लॅपटॉप आपोआप जागा का होतो, हे तेवढं बघायचं राहिलं. शेवटचं कुणी जागं केलं, असं तिनं सिस्टीमलाच विचारलं. पडद्यावर उत्तर आलं: कीबोर्ड.

मिटलेल्या झाकणाखाली बटणं कोण दाबणार? तिच्या अंगावर काटा आला.

"मावशी... रात्री कुणी उघडतं का हा?"

"न्हाय. पण बोटं चालल्याली ऐकू येत्यात... काम करायची ना, तशी."

माधवी घाबरली. घाबरलेलं माणूस आधी दाराला कडी घालतं, तसंच तिनं केलं. कीबोर्डनं लॅपटॉप जागा करायची परवानगी काढून टाकली आणि झाकण मिटलं. पंखा थांबला.

ताईबाईंनी वर तळवा ठेवला. "गार पडली की गं..."

दवाखान्यातही त्या एवढंच बोलल्या होत्या. माधवीचं काळीज तुटलं. तिनं घाईघाईनं परवानगी परत दिली. दोघी वाट बघत बसल्या. चहा निवून गेला, लॅपटॉप काही उठला नाही.

दिवेलागणीला माधवी जळोचीला पोचली. टेबलावर एका शिक्षकाचा लॅपटॉप बॅटरी काढून ठेवलेला होता, चार्जरही लावलेला नव्हता. बाजूला सारायला गेली, तर हाताला चटका बसला. मिटलेल्या झाकणाखाली बोटं चालत होती, हलकी, सवयीची...

तेवढ्यात फोन वाजला.

"तुझ्याकडं आलीया न्हवं?" ताईबाई विचारत होत्या. माधवीनं तर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. "मी रागावणार न्हाय. तिला म्हणावं, घरी ये."

झाकणावर तळवा ठेवून माधवी टेबलावर वाकली. तिला रडू आवरेना. "साक्षी... मावशी वाट बघतायत गं. घरी जा."

बोटं थांबली. तिच्या तळव्याखाली झाकण हळूहळू निवत गेलं.

"मावशी, आता हात लावून बघा."

पलीकडं गोधडी बाजूला सारल्याचा आवाज आला.

"गारच हाय," ताईबाई म्हणाल्या. "मग वाटंत कुठं थांबली असंल गं? अंधार पडलाय... आन् अंगात ताप हाय तिच्या."