समुद्राकडची बाजू

सहासष्ट सालच्या डिसेंबरात, ध्वजदिनाच्या आठवड्यातल्या रविवारी, मद्रासला माजी सैनिकांच्या सन्मानासाठी मोटारसायकलींची मोठी मिरवणूक निघाली. तिच्यात मी होतो. हौसेनं नव्हे. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात मी तपासनीस होतो. कारखान्याकडे सायडकार जोडलेली एक बुलेट होती आणि ती चालवता येणारे आम्ही दोघेच. दुसरा, सेतुमाधव, तापानं पडला. साहेबांनी यादीत माझं नाव घातलं. सलग सहा आठवडे मला रविवारची सुट्टी मिळाली नव्हती. पहाटे उठताना पाठ अशी भरून आली होती की भिंत धरून उभा राहिलो.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी येईन बघायला. क्वीन मेरी कॉलेजपाशी उभी राहीन."

मी मान हलवली. मैलापूरच्या आमच्या घरात आम्ही तिघंच होतो, आई, मी आणि विद्युलतावहिनी. माझा थोरला भाऊ रविकांत बासष्टच्या नोव्हेंबरात नेफात, बर्फाळ चिनी सरहद्दीवर, लढायला गेला आणि त्याच्याबद्दल एकच तार आली, 'बेपत्ता'. त्याला चार वर्षं झाली होती. वहिनी शाळेत हिंदी शिकवायच्या, ठसठशीत कुंकू लावायच्या. रविकांतबद्दल बोलताना भूतकाळ वापरायचा नाही, हे घरात कुणी न ठरवता ठरलं होतं.

आयलंड मैदानावर शंभरावर गाड्या जमल्या होत्या. प्रत्येक गाडीबरोबर एक माजी सैनिक. माझ्या सायडकारमध्ये निवृत्त सुभेदार शेषगिरीराव येऊन बसले. साठी उलटलेले, सडपातळ, छातीवर तीन पदकं, कोटाला कापराचा वास. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांची तंजावुरी मराठी, जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची, मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही.

"तंबी, मला समुद्राच्या बाजूला बसायचं होतं," तमिळमध्ये धाकट्या भावाला हाक मारतात तशी हाक मारत ते म्हणाले. "बरं झालं, सायडकार डावीकडेच असते."

नऊ वाजता आम्ही निघालो. दोन-दोन गाड्यांची रांग, मी डावीकडच्या ओळीत. नेपियर पुलावर कूवम नदीचा वास नाकात गेला आणि मग वळण घेऊन आम्ही बीच रोडला लागलो. उजवीकडे लोकांची दाटी होती. पोरं बापांच्या खांद्यावर बसली होती, कॉलेजांच्या गच्च्यांवरून फुलं पडत होती. डावीकडचा फुटपाथ पोलिसांनी मोकळा ठेवला होता. तिकडे नुसती वाळू आणि पलीकडे समुद्र.

माणसाच्या चालीनं गाडी चालवणं हे वेगानं चालवण्यापेक्षा कष्टाचं काम. क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. सेनेट हाऊस ओलांडेपर्यंत माझं मनगट ठणकू लागलं. इंजिनाची धग पोटऱ्यांना लागत होती.

चेपॉकपाशी शेषगिरीरावांनी हात उचलून सलाम ठोकला. डावीकडे. वाळूकडे.

मला वाटलं, म्हातारा माणूस, बाजू चुकली. "सुभेदारसाहेब, लोक उजवीकडे आहेत."

"माहीत आहे."

हात खाली आला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. प्रेसिडेन्सी कॉलेजपाशी रांग थोडी थांबली, तेव्हा मी म्हटलं, "हात जरा खाली घ्या. दुखेल."

"त्यांच्यासमोरून जाताना हात खाली कसा घेऊ?"

"कुणाच्या?"

ते वाळूकडे बघतच बोलले. "बेचाळीस साली ब्रह्मदेशातून मागे येत होतो. नदीवर पूल होता. शत्रू जवळ आला तर उडवायचा, असा हुकूम. निम्मी पलटण पलीकडेच होती. सुरुंगाचा दांडा मी दाबला. ते अस्के आलेत, तंबी. सगळे ओळीनं उभे आहेत."

मी वाळूकडे पाहिलं. कुणी नव्हतं. हे मी नीट पाहून सांगतोय, मोजमाप तपासणं हाच माझा धंदा होता. सकाळचं स्वच्छ ऊन, एक पालथी घातलेली होडी, वाळत टाकलेली जाळी. फक्त कावळे होते, आणि तेही आमच्याबरोबर पुढे सरकत होते. वाळूवर बसलेले कावळे आमच्या रांगेच्या पुढे दहा हातांवर उठत, बाजूला जाऊन बसत. कुणाला तरी वाट द्यावी तसे.

रांग पुन्हा हलली. आइस हाऊसच्या अलीकडे मला जाणवलं की हँडलची उजवी मूठ नेहमीसारखी घामानं ओली आहे आणि डावी गार आहे. वारा असेल म्हणून मी शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. बाही हलत नव्हती.

"रागावलेत का ते?" मी विचारलं. का विचारलं ते मलाही कळलं नाही. बहुधा थकव्यानं माणूस समोरच्याचं खरं धरून चालतो.

"नाही," शेषगिरीराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, पण आवाज कोरडा होता. "तेही हात वर करून उभे आहेत. चोवीस वर्षं मला वाटत होतं, ते तोंड फिरवतील."

गाडी थोडी पुढे सरकली. मग ते म्हणाले, "आमचे संपले. पण मागे आणखी आहेत."

"आणखी कोण?"

"ही पोरं आमच्यातली नव्हेत. पायांत कॅनव्हासचे बूट आहेत. अंगात सुती कपडे. अय्यो, कशी कुडकुडतायत, या उन्हात!"

बासष्टला रविकांतची पलटण अशाच बुटांत बर्फात गेली होती. माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. मी पुन्हा क्लच सोडला.

"एक जण गाडीबरोबर चालतोय," ते म्हणाले. "माझ्या बाजूनं. तुमच्याकडे बघतोय. उंच आहे. डावी भुवई तुटलेली."

रविकांतच्या डाव्या भुवईवर लहानपणी विहिरीची कप्पी लागली होती.

"विचारू, कोण ते?"

"नको."

"तंबी, एकदा मान वळवा."

"नको म्हटलं ना!"

मी समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर डोळे रोवले. मान वळवायला किती लागतं? पण मी पाहिलं आणि तो दिसला असता, तर घरी जाऊन काय सांगणार होतो? आणि दिसला नसता तर? डावा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता.

क्वीन मेरी कॉलेजपाशी गर्दीत वहिनी दिसल्या. आजूबाजूचे सगळे हात हलवत होते. वहिनी हलत नव्हत्या.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

माझ्या खांद्यावरून, पलीकडे बघत होत्या.

सांथोमच्या चर्चपाशी मिरवणूक संपली. शेषगिरीरावांनी हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं तो चोळत बसले. मी त्यांना उतरायला आधार दिला. त्यांचं वजन मुळी नव्हतंच.

"मी त्याला काही विचारलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात. पण तो इथवर आला नाही. कॉलेजापाशीच थांबला. रस्त्यापलीकडे एक बाई उभी होती, तिला बघून."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चहाच्या तंबूकडे निघून गेले.

गाडी परत जमा करून मी घरी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. माजघरात रविकांतची ट्रंक उघडी पडली होती. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास. आई दाराशी बसून होती.

"विद्युलता धावत आली," ती म्हणाली. "ट्रंक उघडून त्याचा लोकरीचा रग काढला आणि तशीच परत गेली. मी हाका मारल्या. काय झालंय रे?"

मी ट्रंकेचं झाकण लावलं.

दोनच्या सुमाराला वहिनी आल्या. पावलं वाळूनं भरलेली. हात रिकामे. चेहरा शांत होता, खूप दिवसांनी नीट झोपून उठलेल्या माणसासारखा. कपाळावर कुंकू नव्हतं. आईनं ते पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

"वहिनी," मी म्हटलं, "रग कुठंय?"

"ह्यांना दिला."

त्या नळाशी गेल्या, पाय धुतले. मी टॉवेल पुढे केला. अंगणात ऊन तापलं होतं. त्यांच्या खांद्यावर, पदरावर, पांढरं काहीतरी भुरभुरलेलं होतं. मला वाटलं, समुद्राचं मीठ असेल.

मी बघत असतानाच ते वितळलं आणि तिथे ओला डाग राहिला, हाताच्या पंजाएवढा.